दार्सैतला लपलेलं बंड

“मी कोल्हापुरात आहे, साहेब! कोल्हापुरात! देवीच्या रांगेत उभा आहे, मागे ही गर्दी आहे, तुमचा एक शब्द ऐकू येत नाही!”

माझा मेव्हणा हे आमच्या दार्सैतच्या फ्लॅटमधल्या बाथरूममधून ओरडत होता. बाथरूम त्याने मुद्दाम निवडलं होतं. आवाज घुमतो, सभामंडपासारखा वाटतो, असं त्याचं म्हणणं. बाहेर पॅसेजमध्ये मी देवघरातली घंटा वाजवत उभा होतो आणि माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, मिनिटामिनिटाला “चला, पुढे सरका, आपापली मुलं सांभाळा” असं म्हणत होती. आम्ही दोघं मिळून तीनेकशे माणसांची गर्दी झालो होतो. कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण खालच्या मजल्यावरच्या केरळी बाईंनी नंतर येऊन विचारलं की प्रसाद उरलाय का.

पलीकडे आमच्या तालुक्याचे पक्षाध्यक्ष होते. त्यांना सगळे साहेबच म्हणतात, मीही साहेबच म्हणतो. त्यांनी रांग, घंटा, मुलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“कोल्हापुरात व्हॉट्सॲप कॉल लागतो रे,” साहेब म्हणाले. “तुला सकाळपासून नऊ वेळा केला. मेसेज जातोय, निळा होतोय, कॉल लागत नाही, म्हणून शेवटी हा साधा फोन लावला. मस्कतला बहिणीकडे उतरलायस ना? तिला नमस्कार सांग.”

मी घंटा खाली ठेवली.

ओमानमध्ये व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, बोलता येत नाही. आमच्या तालुक्यात घरटी एक माणूस आखातात आहे, त्यामुळे ही गोष्ट तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मेव्हण्याला ठाऊक नव्हती असं नाही. पण आपण सात पडद्यांमागे लपलोय अशी एकदा माणसाची खात्री झाली की तो खिडकी बंद करायला विसरतोच.

झालं होतं असं, की जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि आमचा गट महिलांसाठी राखीव झाला. साहेबांनी उमेदवारी आपल्या सुनेला दिली. ही सून पुण्याला राहते. गाव तिने स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये पाहिलेलं आहे. इकडे माझा मेव्हणा वीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलत होता. सतरंज्या हे आपण म्हणायला म्हणतो, खरं तर तो खुर्च्या उचलायचा. सभा कुणाचीही असो, खुर्च्या याने मांडायच्या आणि यानेच टेम्पोत भरायच्या. एकदा एका मंत्र्याचं भाषण फार लांबलं तेव्हा याने मंत्र्याच्या मागचं अख्खं व्यासपीठ मोकळं केलं आणि मंत्री बसायला गेले तेव्हा त्यांची खुर्ची शेजारच्या तालुक्यात पोचली होती. मी तिथे नव्हतो. पण मी ते पाहिलं असं सांगत आलो आहे, आणि आता मला ते आठवतंही.

सुनेच्या नावाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, जोडला गेला त्या दिवशी मेव्हण्याने आपल्या बायकोचा अर्ज अपक्ष म्हणून भरून टाकला. बंड.

आमच्याकडे बंडाची रीत ठरलेली आहे. अर्ज भरायचा, फोन उचलायचा नाही आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपेपर्यंत नाहीसं व्हायचं. मग पक्षाची माणसं शोधायला निघतात. बंडखोर सापडला तर त्याची समजूत काढतात. कुणी गोव्याला लपतो, कुणी महाबळेश्वरला, एकजण तर तालुक्याच्याच दवाखान्यात पोटात दुखतंय म्हणून लपला होता आणि त्याचं अपेंडिक्स खरंच काढलं. मेव्हण्याने या सगळ्यांच्या पुढचा विचार केला. गोव्याहून रात्रीचं विमान पकडलं आणि बायकोला घेऊन, व्हिजिट व्हिसावर, ओमानला आला. इथे आपल्याला कोण शोधणार?

आता मस्कतच्या या दार्सैत भागाबद्दल दोन शब्द सांगतो. आमच्या गावात ग्रामसभेला कोरम होत नाही, सभा तहकूब करावी लागते. दार्सैतला मी सकाळी दूध आणायला खाली उतरलो की कोरम होतो, आणि दुकानदार सुटे पैसे देईपर्यंत दोन ठराव मंजूर होतात. मेव्हण्याची टॅक्सी इमारतीसमोर थांबली आणि ओमानी ड्रायव्हर डिकीतून बॅगा काढत होता तेवढ्यात समोरच्या बाल्कनीतून आमच्याच वाडीतला एकजण म्हणाला, “काय रे, बंड करून इलंस? बस, चाय टाकतंय.”

जगाच्या पाठीवर लपायला एवढ्या जागा असताना माझा मेव्हणा आपल्याच मतदारसंघात येऊन लपला होता. फक्त हा मतदारसंघ दीड तास मागे चालतो.

साहेबांच्या त्या फोननंतर मेव्हण्याने पडदे ओढून घेतले आणि पुढचे दिवस तो हॉलमधल्या सोफ्यावर नॉट रिचेबल होऊन बसला. सोमवार होता. मुदत शुक्रवारी दुपारी तीनला संपणार होती, आपल्या तीनला, म्हणजे इथल्या दीडला.

आणि वहिनी, म्हणजे मेव्हण्याची बायको, खुद्द उमेदवार, माझ्या बायकोबरोबर खाली भाजी आणायला गेली.

वहिनीबद्दल सांगायचं तर ती फार बोलत नाही. गावात बायकांचा बचत गट चालवते. कोकमाचं आगळ, सरबत, फणसाची साठं, कुळथाचं पीठ. बँकेच्या मॅनेजरने तिला एकदा विचारलं होतं की एवढे कागद तुम्ही वाचता कशाला, सही करा नि मोकळ्या व्हा. तेव्हापासून तो मॅनेजर स्वतः आधी वाचतो. नवऱ्याने तिला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तुला एकदा मस्कत दाखवीन. ते त्याने अशा रीतीने पाळलं.

तिची या निवडणुकीत एकच गोष्ट अडकलेली होती आणि ती म्हणजे साकव, ओढ्यावरचा छोटा पूल. आमच्या वाडीच्या नि शाळेच्या मधे व्हाळ आहे. उन्हाळ्यात त्यात बेडूकही ओला होत नाही, पावसाळ्यात तोच बैलगाडी उचलून समुद्राला नेऊन देतो. त्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला. तेव्हापासून तिथे माडाची दोन खोडं आडवी टाकलेली आहेत आणि मुलं त्यावरून शाळेत जातात. वहिनीने अर्ज केले. एका अर्जाला उत्तर आलं की या ठिकाणी साकव अस्तित्वात असल्याने नवीन मंजूर करता येत नाही. मागच्या श्रावणात तिची धाकटी मुलगी खोडावरून घसरली. दप्तर गेलं, मुलगी झुडपाला धरून राहिली. वहिनीने त्यावर नंतर काही भाषण केलं नाही. नवऱ्याने अर्ज भरायचा म्हटलं तेव्हा म्हणाली, भरा.

तर ती खाली गेली. पहिल्या दिवशी कृष्णाच्या देवळात, दुसऱ्या दिवशी किराणा दुकानासमोर, तिसऱ्या दिवशी ड्यूटी सुटलेली माणसं जिथे चहाला उभी राहतात तिथे. मत मागितलं नाही तिने कुणाकडे. नुसतं विचारायची, “तुम्ही साकवावरून शेवटचे कधी गेलात?” एवढ्यावर माणसं सुटायची. कुणी तिथून उडी मारली होती, कुणी तिथे बसून दहावीचा निकाल ऐकला होता, आणि एका एसी मेकॅनिकने तर तिथे एवढा मोठा मासा पकडला होता की तो दाखवायला त्याला दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागलं आणि टॅक्सीवाल्यांनी हॉर्न मारले. सगळ्यांचं ऐकून झालं की वहिनी वही काढायची आणि घरचा फोन नंबर लिहून घ्यायची. वाडीवार.

हे तिने कुठून शोधून काढलं मला माहीत नाही, पण आमच्याकडची निवडणूक शुक्रवारच्या फोनवर ठरते. इथे शुक्रवारी सुट्टी. जेवण झालं की माणूस आडवा होतो आणि घरी फोन लावतो. म्हशीला काय झालं, कौलं कुणी शाकारली, आणि मत कुणाला, हे सगळं त्या फोनवर मिटतं. शुक्रवारी संध्याकाळी गावात जाऊन विचारलंत तर निकाल तेव्हाच सांगतील. मतदान मग करायचं म्हणून करतात.

“तुझी बायको काय करतेय ते बघतोयस ना?” मी बुधवारी मेव्हण्याला विचारलं.

“फिरू दे, भावोजी. नऊ वर्षं वाट बघून आलीय.”

“फिरत नाहीय ती. प्रचार करतेय.”

“करू दे. भाव वाढतो त्याने.”

मग तो मला स्वयंपाकघरात घेऊन गेला, ओट्याला टेकला आणि हळू आवाजात त्याने मला खरी चाल सांगितली. त्याचा हळू आवाज म्हणजे मस्कतच्या मत्रा बंदरात नांगर टाकल्यासारखा असतो, पण त्या वेळी बायका घरात नव्हत्या.

अर्ज भरताना त्याने बायकोच्या दोन कागदांवर सह्या घेतल्या होत्या. एक अर्ज भरण्याचा, एक अर्ज मागे घेण्याचा. दुसरा कागद सूचकाकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, पिशवीत होता. उमेदवार हजर नसला तरी त्याची लेखी सही असेल तर सूचक तो कागद देऊ शकतो. शुक्रवारी आई सकाळपासून तहसील कचेरीच्या बाकावर बसणार, सोबत फोन धरायला चुलतभाऊ. साहेबांनी मेव्हण्याला तालुका उपाध्यक्ष केलं की याने फोन करायचा, आईने पिशवीतून कागद काढून आत द्यायचा. खलास.

“आणि उपाध्यक्ष नाही केलं तर?”

“मग लढू.”

“कोण?”

“आम्ही.”

“तिला माहीत आहे?”

“सही तिनेच केलीय, भावोजी. म्हणजे माहीत असणारच.”

मी लिफ्टचा फोरमन आहे. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो हे मला कंपनीने पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

त्याची आई म्हणजे माझी सासू. तिच्याबद्दल मी जपून लिहितो, कारण हे तिला कुणीतरी वाचून दाखवणार. एवढंच सांगतो की एकदा एसटीच्या ड्रायव्हरने तिला बघून न बघितल्यासारखं करून गाडी पुढे नेली, तर पुढच्या तीन थांब्यांवर गाडीत कुणी चढेना, आणि शेवटी ती गाडी रिव्हर्समध्ये तिच्यापर्यंत आली. मी त्या गाडीत होतो. म्हणजे असायला हवा होतो.

शुक्रवारी पक्षाने आपला माणूस पाठवला. हा सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे, आमच्या गावमंडळाचा ओमानमधला अध्यक्ष आहे आणि त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘परदेश संपर्कप्रमुख’ असं लिहिलेलं आहे. हे कार्ड तो इथे कुणाला देत नाही. परक्या देशात आपलं राजकारण करू नये हा इथला दंडक आहे आणि आम्ही तो कडकपणे पाळतो. आम्ही फक्त जेवायला जमतो. स्टोअरकीपर म्हणून संपर्कप्रमुख असा आहे की त्याच्या सहीशिवाय कारखान्यातून नटबोल्ट हलत नाही. एकदा अर्बाब, म्हणजे कारखान्याचा मालक, स्वतः हातोडी मागायला आला तर याने त्यालाही फॉर्म भरायला लावला.

तो अडीच तास गाडी मारून साडेअकराला खाली पोचला. त्या शुक्रवारी आमच्या इमारतीची लिफ्ट नेमकी देखभालीसाठी बंद होती. देखभालीचं वेळापत्रक माझ्या हातात नसतं, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि संपर्कप्रमुखाचं वजन पदाला शोभेल असं आहे. तो वर आला तेव्हा बारा वाजत आले होते आणि त्यानंतर वीस मिनिटं तो नुसता हाताने खुणा करत होता. त्या खुणांवरून त्याला पाणी हवं होतं की युती, ते कळेना. पाणी दिलं.

श्वास परत आल्यावर तो म्हणाला, “साहेबांनी निरोप दिलाय. चिटणीस करतो म्हणाले.”

“चिटणीस आठ आहेत,” मेव्हणा म्हणाला. “उपाध्यक्ष.”

“उपाध्यक्ष अकरा आहेत.”

“मग बारावा करायला काय जातं?”

राजकारणावर बोलायला लागलो की आम्ही मालवणी सोडून शुद्ध मराठीत शिरतो. थाप मारायला ती बरी पडते. संपर्कप्रमुख बाल्कनीत गेला, साहेबांशी बोलून परत आला, परत गेला. तोवर बायकोने पानं वाढली. मत्र्याच्या बाजारातून मी सकाळी सुरमई आणली होती. ती एवढी मोठी होती की टॅक्सीवाल्याने तिचं वेगळं भाडं मागितलं. खाली रस्ता सामसूम होता, नमाजाची वेळ, दुकानं बंद. वहिनी वाढत होती. चार दिवसांत या विषयावर तिला कुणीच काही विचारलं नव्हतं, आणि आताही संपर्कप्रमुख तिच्याकडे फक्त माशाच्या तिखल्यासाठी बघत होता.

एकला दहा मिनिटं असताना साहेब तयार झाले. पण मेव्हणा म्हणाला, तोंडी नको, पत्र हवं. पक्षात त्याने वीस वर्षं काढली होती. पत्र तिकडे टाइप होऊन, शिक्का मारून, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येईपर्यंत एक वाजून दहा मिनिटं झाली. तोवर मी संपर्कप्रमुखाला दोनदा सोलकढी वाढली. तो नको म्हणाला तरी वाढली, पाहुणा आहे.

मेव्हण्याने पत्र मोठ्याने वाचलं. ‘आपली निष्ठा व कार्य लक्षात घेऊन’ हे त्याने दोनदा वाचलं. मी त्याला हसलो नाही. खुर्च्या उचलणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच बसायला सांगितलं होतं आणि तेही लेटरहेडवर.

मग त्याने माझ्या फोनवरून चुलतभावाला लावला. “आईला सांग, कागद आत दे म्हणावं. लवकर.”

स्पीकरवर कचेरीचा गलका ऐकू आला. मग सासूबाईंचा आवाज. तिला फोनवर ओरडायची गरज पडत नाही, तिचा आवाज तसाही समुद्र ओलांडतो.

“कागद कित्याक देव?”

“अगं आई, ठरलं सगळं. उपाध्यक्ष झालो मी. कागद दे आत.”

“सही तुझी हा काय?”

“नाही, तिची आहे, पण...”

“तिनां सांगल्यान तर देतंय. तुझ्या सांगण्यार देवचंय नाय. सुनेक फोन दी.”

मेव्हण्याने फोनकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. मग भाताचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं, चार दिवसांत बहुधा पहिल्यांदाच.

“सांग गं तिला. दे म्हणून सांग. तीनला आठ मिनिटं उरलीत.”

वहिनीने भांडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले. फोन घेतला नाही. संपर्कप्रमुखाला म्हणाली, “त्या पत्रात साकव आहे का?”

“साकव पत्रात नसतो, वहिनी,” संपर्कप्रमुख म्हणाला. “हे पदाचं पत्र आहे.”

“मग साकव कशात असतो?”

“साकव होणार. साहेबांचा शब्द आहे. सूनबाई निवडून आल्या की पहिलं काम तेच. इन्शाल्ला.”

“त्यांनी बघितलाय साकव?”

“नसेल बघितला तर फोटो पाठवू ना.”

“कशाचा? तिथे काही नाहीय फोटो काढायला.”

संपर्कप्रमुखाने पेला उचलला आणि तो रिकामा असल्याचं बघून परत ठेवला. मी लगेच भरून दिला. हा माणूसही त्याच वाडीतला. त्याच व्हाळापलीकडच्या शाळेत तो सातवीपर्यंत होता, त्यातले दोन पावसाळे तर त्याचं दप्तर माझ्या डोक्यावर असायचं. त्याने पेल्यात बघतच विचारलं, “खोडं कुठली टाकलीत? आमच्या परड्यातली?”

“तुमच्याच. एक कुसलंय, भुगा पडतो.”

“चार मिनिटं,” मेव्हणा ओरडला. “चारच. आई, थांब हां, फोन ठेवू नको. अगं, घे ना तो फोन.”

वहिनीने घेतला. आणि आता सगळ्या जगाला वाटेल की ती लगेच मुद्द्यावर आली असेल. नाही. आधी तिने सासूला विचारलं की जेवलात काय. सासू म्हणाली, तांदळाची भाकरी आणली होती, खाल्ली. मग धाकटी शाळेत गेली का. गेली. खोडावरून गेली का फिरून. फिरून, मीच सोडली. मग कचेरीत पंखा आहे का. आहे, पण फिरत नाही. मेव्हणा हे ऐकत टेबलाभोवती फिरत होता. त्याने एवढ्या फेऱ्या मारल्या की त्या हिशोबाने तो हजार किलोमीटरवरच्या सलालाला पायी पोचला असता. संपर्कप्रमुख घड्याळाकडे बघायचा थांबला होता आणि सुरमईचा काटा काढत होता.

“आई,” वहिनी शेवटी म्हणाली, “तुमी घराक जावा. कागद पिशयेतच ऱ्हवांदे.”

“बरां,” सासूबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. मेव्हण्याने परत लावला. चुलतभावाचा फोन लागेना. नंतर कळलं की तो सासूबाईंनीच पिशवीत टाकला होता, कागदावर. दीड वाजला. आपले तीन.

मग मेव्हणा बोलला, आणि तो जे बोलला ते मस्कतच्या पार पलीकडच्या बौशरपर्यंत ऐकू गेलं असेल. वीस वर्षं. वीस वर्षं खुर्च्या. एक पद मिळालं तर ते घरातच. माझी बायको म्हणाली, “आवाज खाली कर, शेजारी झोपलेत,” तर तो तिलाही म्हणाला की तू गप्प बस, तू घंटावाल्यांतली. घंटा मी वाजवली होती, पण ती वेळ दुरुस्त्या करायची नव्हती.

मग पत्र दाखवायला त्याने फोन उघडला. त्याने बघितलं. पत्राचा फोटो होता तिथे आता फोटो नव्हता. ‘हा मेसेज डिलीट केला गेला आहे’ एवढंच होतं. तालुक्याचा बारावा उपाध्यक्ष वीसेक मिनिटं पदावर होता. आमच्याकडे याहून कमी मुदतीचे लोक झालेले आहेत, पण त्यांनी मधल्या काळात निदान एखादी फीत तरी कापली होती.

मेव्हणा फोन हातात घेऊन सोफ्यावर बसला. मला त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं.

संपर्कप्रमुखाने हात धुतले, डबा मागितला नाही पण बायकोने भरून दिला तो घेतला. दाराशी मला म्हणाला, “साहेबांना काय सांगू?”

“सांग, लिफ्ट बंद होती.”

“ते सांगतो.” मग चप्पल घालता घालता, वहिनीला ऐकू जाईल न जाईल असं, “आज घरी फोन करायचाच आहे मला. आमच्याकडे पाच मतं आहेत.” आणि तो गेला. लिफ्ट तोवर सुरू झाली होती.

वहिनीने उरलेली पानं उचलली, ओटा पुसला, वही काढून टेबलावर ठेवली आणि माझ्या समोर बसली.

“भावोजी, उद्याचं विमान मिळेल का बघा. प्रचाराला दिवस थोडे आहेत.”

मी फोनवर बघायला लागलो. उद्या दुपारच्या विमानात जागा होत्या. मी दोघांची नावं भरायला घेतली.

“मी येणार नाही,” मेव्हणा सोफ्यावरून म्हणाला. “आधीच सांगून ठेवतो. मी प्रचाराला येणार नाही, सभेला येणार नाही, एक खुर्ची उचलणार नाही. काय करायचंय ते तुझं तू कर.”

वहिनी वहीत नंबर बघत होती. तिने पान उलटलं.

“भावोजी,” ती म्हणाली, “मग एकाचंच करा.”